झडप बसलीय

पोलीस ठाण्याच्या आवारातून गाडी सुटली तेव्हा मे महिना अर्धा सरला होता. टेम्पोला दोर बांधून ती भिंगारच्या बाजारातून ओढत आणली, तेव्हा दुकानदारांनी माना वर केल्या आणि लगेच खाली घातल्या. एरवी ही गाडी बाजारातून निघाली की लोक हसायचे. "कृपादान, म्हातारीला जपून रे!" असं कुणीतरी ओरडायचंच. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही.

कृपादान लोंढे स्वतः स्टेअरिंगवर बसला होता. गाडी जुनी, अमेरिकन बनावटीची स्टेशन वॅगन, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. मिशनच्या कुठल्याशा डॉक्टरांची होती म्हणतात. मिलिटरीच्या वर्कशॉपमधून सिव्हिलियन फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात. याने ही म्हातारी खेळवली. घराच्या बाजूला पत्र्याची शेड टाकली, गाडी सुटी केली, पुसली, परत जोडली. मुलगी आराधना शाळेत शिकवायची. ती शाळेतून आली की पदराला तेलाचे डाग पडतील याची पर्वा न करता शेडमध्ये घुसायची. बायको रोझी दोघांवर ओरडायची. असं ते घर होतं.

या गाडीच्या पोटात एक झडप आहे. ती कळली नाही तर पुढचं काहीच कळायचं नाही, म्हणून आधी तीच सांगतो. इंजिनातला जळका धूर ज्या बिडाच्या जाड नळीतून बाहेर पडतो तिला मॅनिफोल्ड म्हणतात. तिच्या आत, मागच्या बाजूला, एक लोखंडी पान आडव्या दांडीवर फिरतं. इंजिन गार असलं की ते पान मिटलेलं असतं आणि गरम धूर कार्बोरेटरच्या बुडाशी वळवतं, म्हणजे थंडीत पेट्रोलला ऊब मिळते. इंजिन तापलं की दांडीला गुंडाळलेली स्प्रिंग ढिली पडते, दांडीच्या टोकाचं वजन खाली झुकतं, 'टक' असा आवाज येतो आणि झडप उघडते. धूर मग सरळ सायलेन्सरकडे जातो. त्या झडपेला ना करंट लागतो ना वायर. तिला ऊब आणि गारवा तेवढा कळतो.

मात्र गंज चढला की दांडी जाम होते. झडप मिटलेलीच राहते, चढावर इंजिन भलतंच तापतं, पेट्रोल कार्बोरेटरमध्येच उकळतं आणि गाडी घाटात दम टाकते. फिटर लोक याला म्हणतात, झडप बसली. आराधना गाडी घरी आली तेव्हापासून बापाशेजारी बॅटरी धरून उभी राहिलेली, त्यामुळे हा शब्द त्या घरात मीठ-भाकरीइतका ओळखीचा होता.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, ती तिसगावला अमृतमामाकडे कैऱ्या आणायला गेली होती. एकटीच. गाडी ती बापापेक्षा हलक्या हाताने चालवायची, त्यामुळे कुणाला काळजी नव्हती. परत येताना भर दुपारी करंजी घाटातून तिचा फोन आला. कृपादान जेवून नुकता आडवा झाला होता.

"पप्पा, झडप बसलीय."

आवाज बारीक होता. घाटात रेंज कुठे धड असते, असं त्याला वाटलं.

"तापली असेल. इंजिन बंद केलंस का? हात लावून बघ, गरम आहे का."

थोडा वेळ काहीच आलं नाही. मग, "नाही पप्पा. गार आहे."

"गार कशी असेल? मागच्या बाजूला बघ. मागं."

"मागंच बघितलं. खूप गार आहे."

"मग घाबरायचं काय त्यात? जरा हलवून बघ. जोर लावू नकोस, ती आपोआप मोकळी होते."

"हलत नाही."

कृपादान हसला होता. हे त्याला आता आठवत होतं, की तो हसला होता. "म्हातारी आहे ती, तिच्याशी गोड बोल. आणि तिच्याजवळच बसून राहा, सोडून कुठं जाऊ नकोस. मी आलोच."

"बरं," आराधना म्हणाली.

तो मोटरसायकल काढून पोचला तेव्हा गाडी वळणावर कडेला नीट उभी होती. किल्ली जागेवर, फोन पुढच्या सीटवर, कैऱ्यांचं पोतं मागे डिकीत. आराधना नव्हती. पुढे पोलीस आले, गावकरी दरीत उतरले, आसपासच्या विहिरी पाहिल्या. सगळं झालं आणि काहीच निघालं नाही. शेवटी इन्स्पेक्टरने त्याला खुर्चीवर बसवून समजुतीच्या सुरात सांगितलं, "लोंढे, तुमची गाडी आमच्या माणसाने एका चावीत चालू केली. बॉनेट उघडल्याची खूण नाही. बिघाड नव्हताच. कुणीतरी यायचं होतं म्हणून ती थांबली. मुलगी सज्ञान आहे, येईल फोन."

"झडप बसली होती, साहेब. तिनेच सांगितलं."

"मग दाखवा मला. बिघाड होता एवढं दाखवा, उद्याच्या उद्या माणसं परत दरीत उतरवतो."

एवढ्या एका वाक्यावर कृपादान आजवर तग धरून होता. गंजलेली, जाम झालेली झडप. ती इन्स्पेक्टरच्या टेबलावर ठेवायची आणि पोरीचा शोध पुन्हा सुरू करायचा. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं, दुसरं काही नकोही होतं.

बिघाड हलू नये म्हणून चालू न करता ओढत आणलेली गाडी शेडमध्ये लागली तशी रोझी बाहेर आली. तिने आधी डिकीचं दार उघडून कैऱ्यांचं पोतं ओढलं. महिनाभराहून जास्त काळ ते ठाण्याच्या आवारात, पत्र्यासारख्या तापणाऱ्या गाडीत पडलेलं. कृपादानने नाकाला रुमाल लावला. रोझीने पोत्याचं तोंड सोडलं.

कैऱ्या हिरव्यागार होत्या. टणक. देठाशी चीकसुद्धा ओला होता.

"आत्ता उतरवल्यासारख्या हायेत," रोझी म्हणाली. तिने एक कैरी गालाला लावली आणि झटकन दूर केली. "गार हायेत."

"पोत्यात हवा लागली नसेल," कृपादान म्हणाला. काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. पोत्यात घातलेल्या कैऱ्या पिकतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रोझीने पोतं तसंच बांधलं आणि भिंतीशी टेकवून ठेवलं. त्यातली एकही तिने घरात नेली नाही.

त्याने बॉनेट उघडलं. रॉकेलची बाटली, ग्राफाईटची पूड, लाकडी हातोडी, सगळं हाताशी मांडलं. जाम झालेली दांडी सोडवायची म्हणजे आधी रॉकेल पाजायचं, मग दोन्ही टोकांना आळीपाळीने हलकेच ठोकायचं. पण आज सोडवायची नव्हती. आज नुसतं बोट लावायचं, ती हलत नाही याची खात्री करायची, आणि फोटो काढायचा. त्याने वजनाला बोट लावलं.

झडप लोण्यासारखी फिरली.

त्याने पुन्हा फिरवली. मिटली, उघडली, मिटली. दांडीवर गंजाचा ठिपका नव्हता. त्याने स्वतःच नाताळात लावलेली ग्राफाईट अजून तिथे काळसर चमकत होती. कृपादान मडगार्डवर हात टेकून उभा राहिला. झडप बसली नव्हती. कधीच बसली नव्हती.

म्हणजे इन्स्पेक्टरचं खरं. म्हणजे पोर खोटं बोलली.

त्याला आराधनाचं खोटं बोलणं माहीत होतं. लहानपणी खोटं बोलताना ती आधी हसायची. फोनवर ती हसली नव्हती. त्याने हातोडी उचलली. एक फटका बेताने मारला तर दांडी वाकेल, जाम होईल, आणि साहेबाला दाखवायला काहीतरी होईल. हातोडी हातात धरून तो बराच वेळ तसाच उभा होता. मग त्याला वाटलं, गार असताना मोकळी असेल, तापल्यावर अडकत असेल. असं होतं कधीकधी. आधी तापवून तर बघू.

इंजिन एका चावीत चालू झालं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, शेडचा पत्रा कडकडत होता. रेडिएटरचा काटा वर चढला, पार तांबड्या खुणेला टेकला, झाकणातून वाफ फुसफुसायला लागली. वजन जागचं हललं नाही. स्प्रिंग घट्ट, झडप मिटलेली, पौषातल्या पहाटेसारखी.

त्याला हायसं वाटलं. हा बिघाड! स्प्रिंग गेली असणार. त्याने इंजिन बंद केलं, स्प्रिंगचं टोक खुंटीवरून सोडलं, अर्धा वेढा ढिली केली, परत अडकवली. पुन्हा चालू. पुन्हा तेच. जुन्या सामानातली दुसरी स्प्रिंग बसवली, चुलीवर धरून ती उलगडते याची खात्री करून. गाडीवर चढवताच ती आक्रसून घट्ट झाली.

तिसऱ्या खेपेला स्प्रिंग चढवताना पाना निसटला आणि त्याच्या हाताची मनगटापर्यंतची सगळी बाजू मॅनिफोल्डवर पडली. वाफ ओकणाऱ्या इंजिनाचं मॅनिफोल्ड म्हणजे कातडं तिथेच राहायचं. तो ओरडलाच.

मग त्याने हात वळवून पाहिला. हात भाजला नव्हता. पुढून मॅनिफोल्ड लाल व्हायच्या बेतात होतं, पण मागे, झडपेपाशी, बीड माठाच्या बुडासारखं गार होतं. गार आणि ओलसर.

त्याने हात पँटला पुसला. बॉनेट लावलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा हत्यारं न आवरता घरात गेला.

रोझी गुडघे टेकून प्रार्थना करत होती. ती संपेपर्यंत तो दारात थांबला. सूर्य कलला होता, चर्चच्या घंटेचा आवाज येऊन गेला होता. दर रविवारी पाळकसाहेब सगळ्या मंडळीसमोर आराधनाचं नाव घ्यायचे, आणि त्यानंतर आठवडाभर रोझी घरात तेच नाव घ्यायची.

ती उठली. त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "अहो, फोनवर ती नेमकं काय म्हनली? शब्द न् शब्द सांगा. तुमी आजवर नुसतं 'गाडीत बिघाड' म्हनता."

"झडप बसलीय, म्हणाली. तुला काय कळणार त्यातलं म्हणून..."

रोझी भिंतीला टेकून खालीच बसली.

"काय झालं?"

"आमच्या तिसगावाकडं झडप गाडीला न्हाई बसत," ती म्हणाली. "मानसाला बसती. बाहेरचं धरतं."

कृपादानला राग आला. त्याला बहुधा हवाच होता तो. "आपण ख्रिस्ती माणसं आहोत, रोझी. हे असलं घरात बोलायचं नाही."

"म्हनून तर कधी बोलले न्हाई. पन शब्द तर त्योच हाय ना? भर दुपारचं घाटातनं कुनी यकटं आलं आन् गप गप झालं, की आई म्हनायची, ह्याला झडप बसली. आरूला तिनंच सांगितलं असनार. लहानपनी सुट्टीला तिच्याकडंच असायची की ती." रोझीने पदराने तोंड पुसलं. "आनि आई म्हनायची, अशा मानसाला माघारी बोलवायचं तर नाव घेऊन बोलवावं. नुसतं 'ये', 'चल' म्हनू नये. नाव न्हाई घेतलं तर भलतंच येतं घरात."

"पुरे."

"मला उद्या घाटात न्या," रोझी म्हणाली. "ह्याच गाडीतनं."

त्याला नाही म्हणायचं होतं. पण सांगण्यासारखं दुसरं काहीच त्याच्याकडे उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघायला उशीर झाला आणि घाटात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मेहेकरी गाव मागे पडल्यावर रोझीने पदर अंगाभोवती लपेटून घेतला. खिडक्या उघड्या होत्या, बाहेरून भट्टीसारखा वारा येत होता, आणि तिच्या दंडावर काटा आलेला कृपादानला दिसला. त्याने पाहिलं नाही असं दाखवलं. त्या वळणावर त्याने गाडी कडेला घेतली.

वर बाभळीखाली एक म्हातारा मेंढक्या बसला होता. सहादेव. शोध चालू असताना कृपादानने त्याला गर्दीत पाहिलं होतं, पण बोलणं झालं नव्हतं. गाडी ओळखून तो उठून उभा राहिला, पण खाली आला नाही. कृपादानच चढून गेला.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही इथंच होता?"

"हुतो की. ह्याच झाडाखाली."

"गाडी का थांबली? धूर येत होता? वाफ?"

"न्हाई, कसली वाफ? चढावर चांगली चालली हुती. येकदम थांबली. पोरगी चालवीत हुती आन् मागं ती बाई बसली हुती."

कृपादानला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कोण बाई?"

"आता कोन ते मला काय म्हाईत? मागं बसली हुती. डोईवर पदर, मान खाली. म्या येका हवालदाराला सांगितलं. त्यो म्हनला, मंग दोघी मिळून गेल्या कुटंतरी."

"ती एकटी होती, बाबा. तिसगावहून एकटी निघाली."

सहादेव परत खाली टेकला. काठीने माती उकरत राहिला.

"मग?" कृपादान म्हणाला.

"मंग पोरगी फोनवर बोलाया लागली. म्होरंच बघून. बोलता बोलता वळली न् तिनं त्या बाईला हात लावला. असा, हळूच. मंग जरा हलवलं तिला, खांद्याला धरून. मंग फोन ठिवला. खाली उतरली, मागलं दार उघडलं, आन् आत जाऊन बसली. बाईच्या शेजारी."

"आणि?"

"म्या मेंढरं वळवाया गेलो. आलो तवा गाडीत कुनी न्हवतं."

कृपादान उतार उतरून आला. मध्ये दोनदा त्याचा पाय घसरला.

हात लावून बघ.

नाही पप्पा. गार आहे.

मागं बघ.

मागंच बघितलं. खूप गार आहे.

जरा हलवून बघ. तिच्याशी गोड बोल. तिच्याजवळच बसून राहा, सोडून कुठं जाऊ नकोस.

बरं.

पोरीला वाटलं असणार, पप्पांना सगळं कळलंय. पप्पांना सगळ्याच गोष्टी दुरुस्त करता येतात. भीतीने तिच्या तोंडातून एक शब्द फुटला होता आणि बापाने तिला झडपेची दुरुस्ती सांगितली. तिने ती एकेक करून, सांगितल्याबरहुकूम केली.

त्याने गाडीचं मागचं दार उघडलं. मागची सीट त्याने स्वतः काथ्या भरून शिवून घेतली होती, जुन्या पद्धतीची, जाड. तिच्यावर दोन खळगे होते. माणूस बसल्यावर पडतात तसे, शेजारी शेजारी. सीटवर कुणी नव्हतं.

त्याने पलीकडच्या खळग्यात हात ठेवला. विहिरीच्या तळाच्या दगडासारखा गारवा बोटांतून कोपरापर्यंत चढला.

त्याने अलीकडच्या खळग्यात हात ठेवला.

तिथे ऊब होती. उन्हाची नाही. नुकतंच माणूस उठून गेल्यावर अंथरुणात असते तेवढीच.

"रोझी," तो म्हणाला. "इथं हात ठेव." रोझीने पुढच्या सीटवरून हात मागे टाकला, चाचपडत त्या खळग्यापर्यंत नेला, आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो कृपादानने आराधना जन्मली त्या दिवशी ऐकला होता, त्यानंतर कधीच नाही.

"घरी चला," ती म्हणाली. "तिला घेऊन चला."

वाटभर तिने तो हात तसाच मागे टाकून ठेवला. एकदाही वळून पाहिलं नाही.

मग गाडी शेडमध्येच राहिली. कृपादानने इन्स्पेक्टरकडे जाणं सोडलं. काय सांगणार होता तो? रोझी दिवसातून कितीदा तरी खिडकीत वाकून हाक मारायची, "आराधना, ये बाई. आराधना, घरी आलोय आपन." खळगा हलायचा नाही.

"माझ्या हाकंनं न्हाई उठायची ती," रोझी एकदा म्हणाली. "तुमी बसवलंय तिला. तुमी उठवा. नाव घेऊन."

कृपादानने मान हलवली, पण त्याचा धीर झाला नाही. उठवलं आणि ती आली नाही तर? उठवलं आणि ती ऊबही गेली तर? पोरीचं एवढंच शिल्लक होतं, तळहाताएवढी ऊब. ती हातची घालवायला त्याचा जीव धजेना. त्याने त्याला येत होतं ते केलं. झडपेच्या खुंटीवर कारखान्याने दोन खाचा पाडलेल्या असतात, एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची. ऐन मे महिन्यात त्याने स्प्रिंग हिवाळ्याच्या खाचेत घातली, वर पाव वेढा आणखी आवळला, म्हणजे आतल्या आत जेवढी ऊब फिरेल तेवढी फिरावी. रोज सकाळी तो इंजिन चालू करायचा, तास तास चालू ठेवायचा, आणि मागे जाऊन बसायचा. खळग्यांवर नाही, दाराच्या पायरीवर. झडप कधी उघडली नाही. टक असा आवाज कधी आला नाही. ज्याने उभ्या हयातीत एक बोल्ट विनाकारण पिळला नाही, तो माणूस गाडी उबवत बसला होता.

आणि ऊब कमी होत होती. रोझीला ते आधी कळलं, त्याने उशिरा मान्य केलं. आधी अंथरुणाएवढी होती, मग हातात धरलेल्या कपाएवढी, मग त्यातला चहा निवल्यावर राहते तेवढी. त्याने खळग्यावर आपलं मिलिटरीचं जुनं ब्लँकेट घातलं. रोझी शेडमध्येच चटई टाकून पडायला लागली. भिंतीशी पोत्यातल्या कैऱ्या हिरव्याच होत्या.

मग ती दुपार आली. सकाळपासून लाईट गेलेली. रोझी भाकरी करायला आत गेली होती. इंजिन चालू होतं. कृपादानने ब्लँकेट बाजूला करून हात ठेवला.

गार.

त्याने दुसऱ्या खळग्यात हात ठेवला. गार. परत पहिल्यात. दोन्ही सारखेच. त्याने डोळे मिटून पाहिलं, तळहाताऐवजी मनगट टेकवून पाहिलं, गाल टेकवून पाहिला. डावीकडचा कुठला आणि उजवीकडचा कुठला, हाताला काही कळेना. आता नाही तर कधीच नाही.

शाळा सुटल्यावर पोर शेडमध्ये रमली की तो रोज संध्याकाळी हात पुसत जे म्हणायचा, तेच त्याच्या तोंडून निघालं.

"चल बाळ. उठ. बास झालं आता, घरात चल."

इंजिनाची धडधड चालली होती. आणि त्याच्या डोळ्यांसमोर एक खळगा भरून आला. काथ्या कुरकुरला, कापडावरच्या सुरकुत्या सुटल्या, आणि सीट सपाट झाली. मागून कुणीतरी उठावं तशी गाडी स्प्रिंगांवर किंचित वर आली.

पुढे बॉनेटखाली आवाज झाला. टक.

झडप उघडली होती. गरम धुराचा लोट सायलेन्सरमधून भसकन बाहेर पडला. दाराचा पत्रा त्याच्या दंडाला चटकन भाजला, मे महिन्यातल्या दुपारी भाजावा तसा. पोत्यातून पिकलेल्या, सडलेल्या आंब्यांचा वास एकदम उसळला. गाडीतला गारवा गेला होता. कृपादान रडत होता आणि हसत होता. आली. पोरगी उठली. त्याने रोझीला हाक मारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात रोझीचाच आवाज स्वयंपाकघरातून आला. अगदी रोजचा, कामात असलेला.

"अहो, पंखा बंद करता का? लई गार लागतंय."

लाईट तर सकाळपासून नव्हती. तो 'बाळ' म्हणाला होता. नाव घेतलं नव्हतं.

त्याचा एक हात अजून सीटवरच होता, उरलेल्या खळग्यात. त्याच्या तळहाताखाली, हळूहळू, ऊब येत होती.